हातात मावणारा लिनक्स संगणक मध्येच हँग होतो? नमुना यंत्रातला दोष शोधायची रीत

नमुना यंत्र (प्रोटोटाइप, म्हणजे अगदी पहिल्या नगांपैकी एक) घरी आलं की पहिले दोन-तीन दिवस कौतुकात जातात. मग एखाद्या दुपारी काही कारण नसताना ते हँग होतं. पडदा जसाच्या तसा, घड्याळ २ वाजून ४१ मिनिटांवर थांबलेलं, कुठलंच बटण दाद देत नाही. बंद करून चालू केलं की पुन्हा चार-पाच तास झकास चालतं, आणि मग परत तेच.

मी नागपूरला राहतो. माझ्याकडे रास्पबेरी पाय (पुढे नुसतं 'पाय') कॉम्प्युट मॉड्यूल ४ या छोट्या संगणक-बोर्डावर बांधलेला, पाच इंची पडद्याचा आणि कीबोर्डचा लिनक्स संगणक आहे. एका छोट्या गटाने बनवलेल्या अगदी पहिल्या नगांपैकी तो एक. त्याचा दोष सापडायला मला सात आठवडे लागले. पहिले तीन आठवडे मी ऑपरेटिंग सिस्टिम तीनदा नव्याने टाकली, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बदलला, दिसेल ते सेटिंग बदललं. कशामुळे काय झालं, ते एकदाही कळलं नाही. नंतरच्या चार आठवड्यांत जे केलं ते खाली क्रमाने देतो. तुमचं यंत्र पायवर असो, पाइनफोन या लिनक्स फोनसारखं ऑलविनर चिपवर असो की इंटेलवर, रीत हीच.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. हँग झालेलं यंत्र आपणहून काहीच सांगत नाही. त्याने मरता मरता दोन ओळी तरी लिहून ठेवाव्यात, अशी सोय आधी करायची. उपायांना हात त्यानंतर घालायचा.

(आज्ञा आपण तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजीतच टाइप करायच्या.)

१. साहित्य आणि कागद

हे जवळ नसेल तर सुरुवात करू नका. अर्धवट सामानावर मी तीन रविवार घालवले.

- यूएसबी ते सिरियल अडॅप्टर (यंत्राचे संदेश तारेने दुसऱ्या संगणकावर वाचायला), ३.३ व्होल्टचा. सीपी२१०२, सीएच३४० किंवा एफटी२३२ चिपचा कुठलाही चालतो. नागपुरात बर्डीला (सीताबर्डीला) मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये मिळतो. घेताना व्होल्टेज विचारून घ्या, कारण काही अडॅप्टरवर ५ व्होल्टचा जंपर लावलेला असतो.
- मल्टिमीटर. त्यात किमान-कमाल धरून ठेवायची सोय असली तर फारच चांगलं.
- यूएसबीच्या तारेत मध्ये लावायचं व्होल्ट-अँपिअर दाखवणारं छोटं मीटर.
- दोन चांगल्या यूएसबी-सी केबल आणि एक वेगळा चार्जर.
- खात्रीचं दुसरं एसडी कार्ड.
- त्याच वाय-फायवर असलेला दुसरा संगणक.
- एक साधी वही आणि मनगटावरचं घड्याळ.

कागदांत एवढं हवं: बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांक, म्हणजे बोर्डाची आवृत्ती (फोटो काढून ठेवा), सर्किटचा आराखडा, बॅटरीचा तपशील, कर्नलची आवृत्ती ('यूनेम -ए' ने कळते), बूटलोडरची (चालू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती आणि डिव्हाइस ट्रीची फाइल (बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणारी यादी). नमुना यंत्रांचे रिव्हिजन भराभर बदलतात. एका रिव्हिजनचा उपाय दुसऱ्यावर केला तर वेळ तर जातोच, कधीकधी बोर्डही जातो.

२. वही घाला

प्रत्येक हँगची एक ओळ. मनगटावरची वेळ, बॅटरीचं व्होल्टेज, तापमान, चार्जर लावलेला होता का, वाय-फाय चालू होतं का, पडद्यावर काय उघडं होतं, चालू केल्यापासून किती वेळाने अटकलं.

वेळ मनगटावरचीच लिहा. अनेक नमुना यंत्रांत वेळ सांभाळणारी वेगळी बॅटरी नसते. बंद होऊन चालू झाल्यावर इंटरनेट मिळेपर्यंत त्यांचं घड्याळ मागे असतं. लॉगमधल्या वेळा मग अशा उलटसुलट लागतात की दुपारचा हँग सकाळी झाल्यासारखा वाटतो.

दुसरा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कार्ड आणि चार्जर दोन्ही एकदम बदलून यंत्र नीट चाललं, तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं.

माझ्या वहीत १४ नोंदी झाल्या, तेव्हा मी त्या पहिल्यांदा सलग वाचल्या. १४ पैकी ११ हँग बॅटरी निम्म्याच्या खाली असताना झाले होते. चार्जर लावलेला असताना एकही नाही. तीन आठवडे मी कर्नलला दोष देत होतो, आणि वहीत वीजपुरवठ्याची गोष्ट स्वच्छ लिहिलेली होती.

३. हँग कोणत्या जातीचा, ते ओळखा

हँग झालं की पहिल्यांदा हात मागे घ्या. पॉवर बटण दाबू नका, घड्याळ लावून तीन मिनिटं थांबा. ही तीन मिनिटं उगाच सांगत नाही. एखादा प्रोसेसर अडकून पडला तर कर्नल साधारण २० सेकंदांनी तक्रार नोंदवतो, आणि एखादं काम १२० सेकंद खोळंबलं तर त्याचीही नोंद करतो. दहा सेकंदांत बटण दाबणारा माणूस हा पुरावा स्वतःच्या हाताने पुसतो.

तेवढ्या वेळात हे पाहा.

पडदा थिजला आहे, पण दुसऱ्या संगणकावरून एसएसएच (नेटवर्कवरून टर्मिनल उघडणं) होतंय? मग यंत्र जिवंत आहे. दोष पडद्याचा, ग्राफिक्सचा नाहीतर टचचा.

पिंगला (नेटवर्कवरून मारलेल्या 'आहेस का?' या हाकेला) उत्तर येतं, पण एसएसएच लागत नाही? पिंगला उत्तर कर्नल परस्पर देतो, त्याला वरच्या कुठल्या प्रोग्रामची गरज नसते. म्हणजे कर्नल शाबूत आहे आणि वरचं जग अडकलंय. बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते किंवा कार्ड उत्तर देत नसतं.

काहीच नाही? मग एलईडीकडे बघा. यंत्र नीट असतानाच एखाद्या एलईडीचा ट्रिगर 'हार्टबीट' करून ठेवा (/सिस/क्लास/लेड्स मध्ये सापडतो). कर्नलचा टायमर चालतोय तोवर तो छातीच्या ठोक्यासारखा दोन-दोनदा लुकलुकतो. तोही थांबला तर कर्नल गेला किंवा वीज गेली.

गाणं चालू असताना हँग झालं आणि आवाजाचा एकच तुकडा घरघर करत राहिला, तर प्रोसेसर अडकलाय पण आवाजाचं बफर पुन्हा पुन्हा वाजतंय. ही खूण लिहून ठेवा, बनवणाऱ्यांना फार उपयोगी पडते.

अर्ध्या मिनिटाने यंत्र आपोआप शुद्धीवर आलं तर तो हँग म्हणायचा नाही. आणि आपोआप बंद होऊन चालू झालं तर ते दुखणंच निराळं, त्यासाठी थेट सहाव्या पायरीवर जा.

४. साक्षीदार बसवा

या पायरीला एक पूर्ण संध्याकाळ द्या.

सिरियल कन्सोल (कर्नलचे संदेश तारेने बाहेर दाखवणारी सोय) हा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार. तारा फक्त तीन. अडॅप्टरचा टीएक्स (पाठवणारी पिन) यंत्राच्या आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला, आणि ग्राउंड ग्राउंडला. व्हीसीसीची (वीज देणारी) चौथी तार जोडायची नाही. यंत्राला स्वतःचा पुरवठा आहे, दोन्हीकडून वीज दिली तर काहीतरी जळेल. जोडण्याआधी आराखड्यात त्या पिनांचं व्होल्टेज बघा. काही चिपची सिरियल १.८ व्होल्टवर चालते आणि ३.३ व्होल्ट दिले तर ती पिन मरते. पायवर पिन ८, १० आणि ग्राउंडसाठी ६. कॉन्फिग फाइलमध्ये 'एनेबल_यूएआरटी=१' लिहा, वेग ११५२०० ठेवा.

आणखी एक खोच. यंत्र बंद असताना अडॅप्टर जोडलेला राहिला तर त्याच्या टीएक्समधून थोडी वीज आत झिरपते आणि यंत्र अर्धवट जागं राहतं. चालू करताना विचित्र वागलं तर आधी ही तार काढून बघा.

कन्सोल लागला की कर्नलला सगळे संदेश बाहेर टाकायला सांगा: 'डीमेसेज -एन ८'. मग 'कर्नल.सिसआरक्यू=१' करा, म्हणजे वरचं सगळं अडकलं तरी कर्नलला थेट आज्ञा देता येते. आता हँग झाल्यावर सिरियलवरून ब्रेक (टर्मिनल प्रोग्राममधला खास संकेत) पाठवून पाच सेकंदांच्या आत एक अक्षर दाबायचं. 'डब्ल्यू' दाबलं की खोळंबलेली कामं दिसतात, 'एल' ने प्रत्येक प्रोसेसर कुठे अडकलाय ते, 'एम' ने मेमरीची स्थिती. शेवटी 'एस', 'यू', 'बी' या क्रमाने दाबलं की कार्डावरची फाइल व्यवस्था न बिघडता यंत्र नव्याने सुरू होतं. ब्रेकलाही उत्तर आलं नाही, तर हा हँग अगदी खोलवरचा आहे, असं वहीत लिहा.

यंत्र हातात घेऊन फिरणाऱ्याला तार घेऊन फिरता येत नाही. त्यासाठी रॅमऊप्स आहे. मेमरीचा एक छोटा तुकडा राखून ठेवायचा, कर्नल त्यात आपले शेवटचे संदेश लिहीत राहतो आणि पुढच्या वेळी चालू झालं की ते /सिस/एफएस/पीस्टोअर मध्ये मिळतात. यात नवखे हमखास फसतात ते असं: हँग झाल्यावर बॅटरी काढली की मेमरी पुसली जाते आणि पुरावा गेला. म्हणून जोडीला हार्डवेअर वॉचडॉग लावा. सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये 'रनटाइमवॉचडॉगसेक=१०' लिहिलं की यंत्र दहा सेकंद गप्प बसल्यावर चिप स्वतःच रीसेट मारते, वीज न तोडता. फक्त तिसऱ्या पायरीतली निरीक्षणं आधी उरकून मगच वॉचडॉग लावा, नाहीतर तीन मिनिटं थांबायला तो मुभाच देणार नाही.

साक्षीदार खरंच बोलतो का, ते आधी तपासा. उघडलेलं काम जतन करा, 'सिंक' द्या, आणि /प्रोक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये 'सी' लिहा. कर्नल मुद्दाम कोसळेल. चालू झाल्यावर पीस्टोअरमध्ये त्याची नोंद सापडली तरच पुढे जा.

जर्नलवर (यंत्राच्या नेहमीच्या लॉगवर) एकट्यावर विसंबू नका. तो कायमचा साठवायचं सेटिंग जरूर करा, म्हणजे 'जर्नलसीटीएल -बी -१' ने मागच्या वेळचा लॉग दिसेल. पण साधे संदेश तो पाच-पाच मिनिटांनी कार्डावर पक्के करतो. आपल्याला हव्या असतात नेमक्या शेवटच्या चार सेकंदांतल्या ओळी.

५. मेमरी, कार्ड आणि ग्राफिक्स

हे तीन लवकर उरकतात.

मेमरीसाठी दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने 'व्हीएमस्टॅट १' चालू ठेवून काम करा. हँगच्या आधी 'डब्ल्यूए' चा (कार्डाची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा) स्तंभ चढत गेला आणि मोकळी मेमरी तळाला लागली, तर ब्राउझरच्या टॅब आणि कार्डावरचं स्वॅप (मेमरी भरली की वापरायची जागा) यांनी मिळून यंत्र बसवलंय. कार्डावरचं स्वॅप बंद करून झेडरॅम (मेमरीतच दाबून ठेवलेलं स्वॅप) लावा.

कार्डासाठी लॉगमध्ये 'एमएमसी' ने सुरू होणाऱ्या टाइमआउटच्या ओळी शोधा. सापडल्या तर दुसरं कार्ड लावून बघा. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डं भरपूर आहेत. ६४ जीबी छापलेलं कार्ड आतून ८ जीबीचं निघतं आणि तेवढं भरेपर्यंत नीट चालतं. 'एफ३राइट' आणि 'एफ३रीड' ने नवं कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघा. मी आता प्रत्येक कार्डाचं हे करतो, रात्रभर लागला तरी.

ग्राफिक्ससाठी डेस्कटॉप न लावता नुसत्या टर्मिनलवर एक दिवस काढा. चार्जर लावल्यावरच पडद्यावर भुताटकी झाल्यासारखे टच उमटत असतील, तर तो स्वस्त चार्जरचा गोंगाट असतो. चार्जर बदला.

६. पुरवठा: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एका सेलची लिथियम बॅटरी भरलेली असताना ४.२ व्होल्टला असते आणि सरासरी ३.७ ला. पायसारख्या बोर्डाला ५ व्होल्ट लागतात, म्हणून मध्ये व्होल्टेज चढवणारा कन्व्हर्टर असतो. त्या कन्व्हर्टरला ८ वॅट पुरवायचे असतील, तर ४ व्होल्टला तो २ अँपिअर ओढतो, आणि ३.५ व्होल्टला जवळजवळ २.३ अँपिअर. (कन्व्हर्टरमध्ये वाया जाते ती वीज वेगळी.) म्हणजे बॅटरी जितकी उतरलेली, तितका प्रवाह जास्त. प्रवाह जास्त, म्हणून तारेत आणि कनेक्टरमध्ये पडणारं व्होल्टेज जास्त. ते पडलं की कन्व्हर्टर आणखी ओढतो. वाय-फायने पाठवायला सुरुवात केली, प्रोसेसर वरच्या वेगाला गेला आणि पडदा पूर्ण उजेडावर असला, की तिघांचा भार एकाच क्षणी येतो आणि हा फास आवळला जातो. व्होल्टेज बराच वेळ पडलं तर यंत्र बंद होतं. अगदी थोडा वेळ पडलं तर बंद होत नाही, आत कुठेतरी एक बिट उलटा पडतो आणि प्रोसेसर थिजतो. दुरून बघणाऱ्याला हा सॉफ्टवेअरचाच दोष वाटतो.

पायवर असाल तर हँग व्हायच्या आधी दर मिनिटाला 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' चा आकडा सिरियलवर छापत राहा. ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० आलं तर चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलंय आणि वेगही रोखला गेलाय. ०एक्स५०००५ म्हणजे या घडीलाही तेच चाललंय. ५ व्होल्टचा पुरवठा साधारण ४.६३ च्या खाली गेला की ही खूण उमटते.

मग मल्टिमीटर. यंत्रावर पूर्ण भार टाका ('स्ट्रेस-एनजी' चारही कोअरवर, वाय-फायवर मोठी फाइल उतरवणं चालू, पडदा पूर्ण उजेडात) आणि दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या टोकांवर आणि बोर्डावरच्या कनेक्टरच्या पायांवर. माझ्याकडे बॅटरीवर ३.७२ आले आणि बोर्डावर ३.३१. मधल्या बोटभर तारेत ०.४१ व्होल्ट गायब. २.४ अँपिअरला एवढी घट म्हणजे जवळपास ०.१७ ओम. चांगल्या जोडाला इतका विरोध असूच शकत नाही.

तरीही बॅटरीच खराब असेल असं धरून मी ती घेऊन बर्डीला मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. दुकानातल्या काकांनी बॅटरी तपासली, बाजूला ठेवली आणि तार चष्म्याजवळ धरली.

"बॅटरी बरोबर आहे भाऊ तुमची. हे पाहा ना इकडे. तार हलून राहिली क्रिम्पमध्ये."

त्यांनी नखाने कनेक्टरचं टोक दाबून तार ओढली, तर ती धातूच्या पकडीत पुढे-मागे सरकत होती. क्रिम्प करताना (धातूचं टोक तारेवर दाबून बसवताना) प्लास्टिकचं आवरण पकडीत आलं होतं आणि तांब्याचे जेमतेम तीन-चार तंतू धरले गेले होते. त्यांनी नवं टोक क्रिम्प केलं, वरून किंचित सोल्डर दिलं आणि जाड तार बसवली. घरी येऊन त्याच भाराखाली मोजलं: बॅटरीवर ३.७१, बोर्डावर ३.६६.

इथे ध्यानात ठेवायच्या तीन गोष्टी. पहिली, साधा मल्टिमीटर सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो, एक मिलिसेकंदाची घट त्याला दिसत नाही. आकडे नीट आले म्हणून पुरवठा निर्दोष ठरत नाही. म्हणून ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख क्षणाक्षणाला दाखवणाऱ्या यंत्रावर) घसरत्या कडेला ट्रिगर लावून एकदाच पकडायच्या मोडमध्ये ठेवा. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं बरीच आहेत. ओळखीच्या सरांना किंवा मॅडमना आधी विचारून गेलात, तर प्रयोगशाळेत अर्ध्या तासाचं हे काम सहसा होऊन जातं. दुसरी, लिथियम सेलवर थेट सोल्डर कधीही करू नका आणि फुगलेला सेल पुन्हा लावू नका. तिसरी, कुणाकडे तसाच दुसरा नग असेल तर बॅटऱ्यांची अदलाबदल करा. दोष बॅटरीबरोबर पलीकडे गेला की बॅटरी किंवा तिची तार, यंत्राबरोबर राहिला की बोर्ड. मग परत मूळ जागी लावून तेच पुन्हा दिसतं का बघा. उलट अदलाबदल केल्याशिवाय निकाल धरू नका.

७. ऊन

नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरावाच लागतो. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे, आणि मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकणारे दिवस येतात. परदेशात बसून बनवलेल्या यंत्राची चाचणी बहुधा पंचवीस अंशांच्या खोलीत झालेली असते.

तापमान /सिस/क्लास/थर्मल मध्ये हजारपटीत मिळतं, म्हणजे ७४५०० दिसलं तर ७४.५ अंश. पाय ४ च्या मालिकेत ८० अंशांपासून वेग कमी केला जातो. नुसता वेग कमी होणं हा दोष नाही. तापल्यावरच हँग होत असेल तर मात्र झाकण काढून, पंखा लावून तोच भार टाका. मग केस सुकवायच्या यंत्राने दुरून, मंद वाऱ्यावर, एकेक भाग थोडा गरम करून बघा: आधी मेमरी, मग वीज सांभाळणारी चिप. कुठल्या भागावर वारा गेल्यावर अटकतं, ते कळलं की शोध पुष्कळ आटोपतो.

एकाच सेन्सरवर विश्वास ठेवू नका. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. नमुना यंत्रातला सेन्सरही असाच चुकीचा जोडलेला किंवा चुकीच्या गुणकाने वाचलेला असू शकतो. चिपवर थर्मोकपल (तापमान मोजायची तार) टेकवून एकदा ताळा घ्या.

चार्जरचीही एक गंमत इथे दिसते. बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, म्हणून सेल तापला की चार्जरची चिप प्रवाह तोडते किंवा कमी करते. केबल लावलेली, चार्जिंगचं चिन्ह दिसतंय, आणि बॅटरी उतरतेय. मग आपण वहीत 'चार्जरवर होतं' असं लिहितो आणि चुकीच्या वाटेला लागतो. तारेतल्या मीटरवर अँपिअर बघूनच ती नोंद करा.

गाडीच्या डिक्कीत यंत्र ठेवू नका. आणि उघडा बोर्ड कूलरच्या झोतात ठेवू नका. कूलरच्या हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात आणि बोअरचं पाणी असेल तर सुकल्यावर पिनांवर पांढरा थर राहतो.

८. वेग, झोप आणि मेमरीची वेळ

पुरवठा आणि ऊन दोन्ही निर्दोष ठरले, तरच इकडे या.

प्रोसेसर एकाच कमी वेगाला बांधा: गव्हर्नर (वेग ठरवणारं सेटिंग) 'पॉवरसेव्ह'. दोन दिवस हँग झालं नाही तर 'परफॉर्मन्स' लावून सर्वांत वरच्या वेगाला बांधा. दोन्हीकडे टिकलं आणि वेग बदलत असतानाच अटकत असेल, तर व्होल्टेज चढायच्या आधी वेग चढतोय, अशी शंका घ्या. डिव्हाइस ट्रीमध्ये रेग्युलेटरला (व्होल्टेज सांभाळणाऱ्या चिपला) चढायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. नमुन्यांत तो पुष्कळदा राहून जातो. फक्त वरच्या वेगाला अटकत असेल, तर त्या वेगासाठी लिहिलेलं व्होल्टेज कमी पडतंय.

काम करताना नीट चालतं आणि टेबलावर नुसतं ठेवलं की अटकतं, असं असेल तर प्रोसेसरची झोप बंद करून बघा: बूटच्या ओळीत 'सीपीयूआयडल.ऑफ=१'. हा काही दुर्मीळ प्रकार नाही. इंटेलच्या बे ट्रेल चिपवर लिनक्स बराच काळ असंच थिजायचं. कर्नलच्या बगझिलात (दोषांच्या नोंदवहीत) १०९०५१ क्रमांकाखाली त्याची लांबलचक नोंद आहे आणि 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' हा तात्पुरता उपाय लोक वर्षानुवर्षं वापरत राहिले. बॅटरी लवकर संपायची, पण यंत्र चालायचं. ऑलविनर ए६४ ची खोड निराळी. तिचा टायमर कधीकधी चुकीचा आकडा देतो आणि घड्याळ ९५ वर्षं पुढे उडी मारतं. कर्नलमध्ये त्यावर इलाज आहे, पण तुमच्या कर्नलमध्ये तो चालू आहे का, ते तपासावं लागतं.

प्रत्येक वेळी वेगळ्याच प्रोग्राममध्ये, वेगळ्याच ठिकाणी चूक दिसत असेल तर मेमरी तपासा. 'मेमटेस्टर' रात्रभर चालवा, आणि एकदा भर दुपारी चालवा. कर्नलने स्वतःसाठी घेतलेली मेमरी त्याला तपासता येत नाही, म्हणून तो पास झाला तरी मेमरी निर्दोष ठरत नाही. जोडीला 'स्ट्रेसअ‍ॅपटेस्ट' ही चालवा. एकही चूक दिसली तर मेमरीची वेळ (टायमिंग) बूटलोडरमध्ये चुकीची बसवलीय किंवा चिपचं सोल्डर कच्चं आहे. हे घरी दुरुस्त होत नाही. यंत्र परत पाठवा.

झाकण मिटून उघडल्यावरच अटकत असेल तर 'नो_कन्सोल_सस्पेंड' लावून सिरियल बघा आणि /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट मध्ये 'फ्रीझर' पासून 'कोअर' पर्यंत एकेक पायरी चालवा.

९. दुरुस्त झालं असं कधी म्हणायचं, आणि कळवायचं काय

'कालपासून एकदाही नाही झालं' याला काही अर्थ नाही. सोपा हिशेब असा. यंत्र सरासरी जितक्या तासांनी अटकतं, त्याच्या तिप्पट वेळ ते न अटकता चाललं पाहिजे. दोष तसाच असताना इतका वेळ नुसत्या नशिबाने निभावण्याची शक्यता शंभरात पाच उरते. माझं यंत्र सहा-सात तासांनी अटकायचं, म्हणजे किमान २१ तास. आणि ते तास जिथे हँग व्हायचं त्याच परिस्थितीतले हवेत. थंड खोलीत चार्जर लावून काढलेले २१ तास धरायचे नाहीत.

बनवणाऱ्यांना लिहिताना हे द्या: बोर्डाचा रिव्हिजन, कर्नल आणि बूटलोडरची आवृत्ती, वहीतल्या सगळ्या नोंदी (हँग झाला नाही ते दिवसही), सिरियलचा पूर्ण लॉग (निवडक ओळी नकोत), मोजलेली व्होल्टेजं आणि ती कुठे टेकवून मोजली त्याचा फोटो, काय बदलून बघितलं आणि त्याने काय झालं. फक्त 'यंत्र हँग होतं' असं पत्र आलं तर समोरचा माणूस काहीही करू शकत नाही. त्यांच्या टेबलावर तर ते हँग होत नसतं.

मी नवी तार बसवल्यावर यंत्र ४८ तास चालवलं. त्यात दोन दुपारी गच्चीवरच्या खोलीत बारा ते चार ठेवलं, वाय-फाय चालू, बॅटरी प्रत्येक वेळी ३.५ व्होल्टपर्यंत उतरवून. मग दोन्ही क्रिम्पचे फोटो शेजारी शेजारी लावून आणि ०.४१ व ०.०५ व्होल्ट हे दोन आकडे वर मोठे लिहून पत्र पाठवलं. चार दिवसांत उत्तर आलं. त्यांनी शिल्लक नग उघडून बघितले होते, आणि आणखी तीन बॅटऱ्यांच्या तारा त्यांच्या हातात तशाच हलत होत्या.